तिसऱ्या मजल्यावरचा आवाज

सोमवार, ३. सकाळ.
कॉलेज सोडून सात महिने. आज आयुष्याला दिशा मिळाली. वस्तीत सर्व्हे आलाय: आजूबाजूच्या परिस्थितीचा मुलांच्या मनावर, वागण्यावर काय परिणाम होतो. सर्व्हेवाल्या मॅडम माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या असतील. घरं दाखवायला कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, मी आहे ना. थँक्स म्हणाल्या. डोळ्यांत बघून.
संकल्प: रोज दाढी. राग बंद.

संध्याकाळ.
जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. अंधाराने मुलं बुजतात, सर्व्हेच्या फॉर्मातच लिहिलंय. वॉचमनला झापला. मुलांसाठी झापला, म्हणून हा राग संकल्पात मोजायचा नाही.

बुधवार, ५.
आठ घरं झाली. खालच्या शिंपीणकाकूंना मॅडमनी विचारलं, भांडणाचा त्रास होतो का. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, छे गं बाई, कसला त्रास. मॅडमनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मग काकू अर्धा तास बोलत होत्या. बायकांचं असतं काहीतरी.

गुरुवार, ६.
भाचीच्या शाळेतून चिठ्ठी. महिनाभर वर्गात तोंड उघडलेलं नाही. सहा वर्षांची आहे. भावजींशी फाटल्यापासून ताई आणि ती आमच्याकडेच असतात. ताई म्हणते, पूर्वी हिची टकळी थांबायची नाही. अशीच राहिली तर मला काहीतरी करावं लागेल. मी म्हटलं, वस्तीचा परिणाम. मॅडमना विचारतो. बोलायला विषयही झाला.

शनिवार, ८.
विचारलं. घराजवळ सतत आरडाओरडा असला की काही मुलं मिटतात, म्हणाल्या. आणि आमच्या बिल्डिंगमधून एकच तक्रार फिरून फिरून येतेय: तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी ओरडतं. सांगताना त्या खाली बघत होत्या. लाजल्या असाव्यात.
तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं. एक आमचं, दुसरं म्हाताऱ्या प्लंबरकाकांचं. म्हणजे सापडला! तडक गेलो आणि वीस मिनिटं सुनावलं. काकांनी हूं की चूं केलं नाही. चोराच्या मनात चांदणं. आई म्हणाली, अरे, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, वर्षभर कुजबुजतात नुसते. असेल.
परत आलो तर भाची टेबलाखाली. खेळत असावी.

रविवार, ९.
मॅडम आमच्या घरी! नवा शर्ट घातला.
मुलांना बिल्डिंगचं चित्र काढायला लावतात. भीती वाटते तिथे लाल खडू. भाचीने अंधारा जिना पांढराच सोडला. गटार पांढरं, कुत्री पांढरी. आमच्या खोलीत एक माणूस काढला. तोंड एवढं मोठं की डोळ्यांना जागाच उरली नाही. सगळा लाल.
मी मॅडमना समजावलं, प्लंबरकाका अधूनमधून येतात आमच्याकडे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला जरा बाहेर जायला सांगितलं. माझ्याच घरातून? एवढंच विचारलं. जरा मोठ्याने विचारलं गेलं. कप पडला. भाचीने कान दाबले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

मंगळवार, ११.
मॅडमऐवजी एक टकला माणूस आला. घरं दाखवायला कोणी नको म्हणाला.
ताईने खोली बघितलीय. दोन स्टॉप पुढे. खाली पत्र्याचं वर्कशॉप, दिवसभर हातोडे. मी म्हटलं, अगं, पोरीच्या मनाचा काही विचार? ताई कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

शुक्रवार, १४.
गेल्या दोघी. आईने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि आत जाऊन बसली. घर शांत आहे.
मॅडमना मेसेज केला. पोचलाय. वाचलेला नाही.

शनिवार, २२. दुपार.
ताईकडे गेलो. वर्कशॉपचा आवाज एकदा मोजून दाखवावा म्हणून. पण जेवणाची सुट्टी होती, हातोडे बंद. जिन्यातच भाचीचा आवाज आला. शेजारच्या मुलीला काहीतरी सांगत होती. मग म्हणे, मग की नाही, मग काय झालं माहितीये का. श्वास घ्यायलाही थांबत नव्हती.
वर पोचलो. मला बघितलं आणि थांबली.
मी हळू आवाजात म्हटलं, सांग ना पुढे. ती मान खाली घालून उभी राहिली. शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती.
बेल न वाजवता उतरलो. रस्त्यावर आलो तेव्हा वर तिचं पुन्हा सुरू झालं होतं.