एक घर, एक गिऱ्हाईक

ता. ३

चि. चिमीस काकाचे अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे, रडू नकोस. कानाला सात टाके पडलेत. गर्दीचा अंदाज सांगणारं तू बनवलेलं ते यंत्र, त्याने सांगितलं, आमच्या दुकानात बुटांच्या सेलला तीनशे गिऱ्हाइकं येतील. म्हणून मॅनेजरने दारावर मी आणि एकच गार्ड ठेवला. शटर गुडघाभर वर गेलं नाही तोच लोक खालून घुसले. काचेचं दार फुटलं. एकाने गार्डच्या डोक्यात बुटाची टाच घातली. तो पडला, आणि लोक त्याला तुडवत गेले. कुणीतरी माझा कान चावला. मीही शटरची सळई फिरवली. कुणाला लागली कोण जाणे, पण हाड मोडल्याचा आवाज आला, तो काही जात नाही. मॅनेजर म्हणतो, यंत्रवालीला अक्कल नाही. ती माझी पुतणी, हे मी बोललो नाही. वेळेवर जेव. ऑफिसचा जिना जपून उतर.

तुझा काका

ता. ६

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

कान फाटलाय तुमचा, आणि जिना मी जपायचा! इथे साहेबांनी माझ्या अंगावर खुर्ची फेकली. बारा तारखेपर्यंत चूक सापडली नाही, तर मला काढणार. यंत्र म्हणजे ज्योतिषी नव्हे, काका. दारावर तुम्ही दोन वर्षं गिऱ्हाइकं मोजायचं जे बटण दाबलंत, त्या आकड्यांवरूनच ते शिकलं. बाकी दुकानांचे अंदाज बरोबर आले, तुमच्याच दुकानाचा फसला. रागावू नका, पण खरं सांगा, बटण कधी दाबता?

तुमची चिमी

ता. ९

चि. चिमीस आशीर्वाद.

गिऱ्हाईक आलं की दाबतो. नवरा, बायको, सासू, चार पोरं आत शिरली, तरी एकदाच. एक घर, एक गिऱ्हाईक. जुने मालक असंच धरायचे. मला गिऱ्हाइकं मोजायला सांगितली होती, डोकी मोज असं कुणी म्हणालं नाही गं.

गार्ड काल गेला. आज त्याचे दोघे भाऊ हातोडा घेऊन दुकानात आले, यंत्रवालीचा पत्ता मागू लागले. मॅनेजर घाबरून कागद चाळायला लागला. मी म्हणालो, तिला सोडा, आकडे माझे. त्यांनी माझा हात काउंटरवर दाबून धरला आणि चार बोटं ठेचली. गुरासारखा ओरडलो. पण पत्ता मागायचं ते विसरले.

हे पत्र साहेबांना दाखव. अक्षर किरटं आलंय, डाव्या हाताने लिहिलंय. माझा राग येईल, तो येऊ दे. लोभ तेवढा तोडू नकोस.

तुझा काका