शिलानची बहीण

१२ फेब्रु. २००५, शनि.
बेरी आजही बोलली नाही. ख्रिसमसच्या आधी कौन्सिलने दोघींना आमच्याकडे सांभाळायला आणून सोडलं, तेव्हापासून एक अक्षर नाही. सहा वर्षांची पोर. मोठी बहीण शिलान सोळाची, म्हणजे ती तसं सांगते. इराकमधल्या कुर्दी मुली, लॉरीत लपून डोव्हर बंदरात उतरल्या, आईबाप नाहीत. एवढंच ठाऊक. ताटातलं सगळं शिलान आधी स्वतः चाखते, मग बेरीला भरवते. माझं वरणसुद्धा.
विमान छपरावरून गेलं की बेरी टेबलाखाली. हे म्हणाले, "अगं, हाउन्सलोत, विमानतळाशेजारी राहून कसं चालायचं हे?" मग स्वतःच गुडघे धरत तिच्याशेजारी जाऊन बसले.

२६ फेब्रु., शनि.
लायब्ररीच्या हॉलमध्ये सिनेमा होता. कुर्दी निर्वासित मुलांचा, लढाईत डोंगर ओलांडणाऱ्या. सोशल वर्कर हेलन म्हणाली होती, त्यांची भाषा कानावर पडेल, घेऊन जा. मला धाकधूक होती, पण शिलानला जायचंच होतं.
पडद्यावरची मुलगी पाणी आणायला सुरुंगांच्या तारेपलीकडे निघाली. आणि बेरी खुर्चीवर उभी राहून ओरडली. दोनच शब्द, पण केवढा आवाज! सगळा हॉल वळला. शिलानने तिच्या तोंडावर हात दाबला, उचलून बाहेर नेलं.
पोरीचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तोही असा.
बसमध्ये विचारलं, काय म्हणाली गं? शिलान खिडकीबाहेर बघत. "काही नाही, काकू."

२७ फेब्रु., रवि.
मटार सोलत होते. शिलान येऊन बसली, सोलायला लागली. मग तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये...
बेरी ओरडली होती, "रोझिन, नको!" रोझिन म्हणजे बेरीची बहीण. खरी. डोंगरात वाट सोडून थोडी बाजूला गेली, सुरुंग फुटला. मागून येणाऱ्या लोकांत शिलान होती, तीही एकटीच. सगळे पुढे निघून गेले. बेरी तिथेच बसून होती.
"मी हात धरला. ती उठली. मग सोडला नाही."
"म्हणजे तू तिची..."
"मी बहीण आहे." जरा जोरातच म्हणाली. मग हळू, "काकू, हेलनला नका सांगू. वेगळं करतील."
नाही सांगणार म्हटलं. ह्यांना मात्र सांगितलं. चष्मा पुसत बसले.

१५ मार्च
शिलानच्या वयाचा निकाल. कौन्सिलच्या मते अठराच्या वरची. कारण काय, तर उत्तरं फार समजूतदार देते, आणि धाकटीला आईसारखी सांभाळते! वाचून दाखवताना हेलनलाच जड जात होतं. मी भांडले. पोर सांभाळते म्हणून ती स्वतः पोर नाही?
"सुनंदा, माझ्या हातात नाही ते."
ॲडल्ट ठरली, म्हणजे आमच्याकडे राहता येणार नाही.

२२ मार्च
निकालाविरुद्ध शिलानसाठी वकील गाठली. वकीलबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "डीएनए टेस्ट करून घेऊ. सख्ख्या बहिणी असल्याचं सिद्ध झालं की एकत्र ठेवा म्हणून भांडता येईल."
शिलानने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे.
"टेस्ट नको."
"का?"
शिलानने नुसती मान हलवली. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं असावं.
घरी येताना हे म्हणाले, "खरं सांगून टाकू या का?" सांगितलं तर बहीण नाही, न सांगितलं तर संशय. कुठूनही गेलं तरी...

४ एप्रिल, सोम.
शिलानला नेलं. उत्तरेकडे कुठेतरी, मोठ्यांच्या हॉस्टेलमध्ये. जायच्या आधी बेरीच्या दोन वेण्या घातल्या, मला जवळ उभं करून शिकवल्या. घट्ट नको, डोकं दुखतं तिचं.
सिनेमानंतर बेरी तिच्याशी कुजबुजायला लागली होती. आता तेही बंद.

२० मे, शुक्र.
शिलानचा आश्रयाचा अर्ज फेटाळला. इमिग्रेशन ऑफिसात हजेरीची सही करायला गेली, तिथेच धरलं. डिटेन्शन सेंटरमधून फोन. "काकू, बेरीला द्या." रिसीव्हर पोरीच्या कानाला लावला. पलीकडून शिलान बोलत राहिली, बोलत राहिली. बेरी नुसती ऐकत. मग फोनकार्ड संपलं.
वकीलबाई अपील करतायत. आवाजात जोर नव्हता.

९ जून
शिलानला परत पाठवलं. विमान गेल्यावर कळलं आम्हाला. तिकडे कोण आहे तिचं? कुणी नाही.
बेरीला कसं सांगू? हे दिवसभर बागेत, काही न करता.

१८ जून, शनि.
हेलन आली होती. बर्मिंगहॅमचं एक कुर्दी कुटुंब बेरीला ठेवून घ्यायला तयार आहे. भाषा मिळेल, तिचं जेवण मिळेल. "तिच्यासाठी चांगलं आहे, सुनंदा." असेलही. पण शिलानने फोन केला तर इथेच करणार ना? हाच नंबर पाठ आहे तिला.
संध्याकाळी बेरी बूट घालून जिन्याच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून. कुणाची वाट बघतेस, उगीच विचारलं इंग्लिशमध्ये. उत्तर येईल असं वाटलंच नव्हतं.
"बोथ," म्हणाली. दोघींची.
शाळेत शिकली असेल. मी तिच्याशेजारी बसले.
सोमवारी हेलनला हो की नाही ते कळवायचं. हे म्हणतात, तू ठरव.