दसऱ्याचा बॉल

नाशिक रोड,
१२ मार्च १९७८

दादा,

नमस्कार. दर पत्रात तुला 'तीर्थरूप' लिहिते, आज लिहिलेलं नाही. नजरचुकीने राहिलं असं समजू नकोस.

घरी सगळे बरे आहेत. बाबा आता ट्रक रंगवताना तोंडाला फडकं बांधतात, त्यामुळे खोकला कमी आहे. आईचे गुडघे तसेच. दिंडोरीहून मामांनी द्राक्षांची पेटी पाठवली होती. सिंगापूरच्या कपासकट तुझा फोटो आईने घड्याळाशेजारी लावलाय. येईल त्याला सांगते, "आमचा जयराम गोळा टाकतो न् सायेब लोक टाळ्या वाजवतात. पगारच त्याचा हाय त्याला!" कप परत घेतला गेलाय, हे मी तिला सांगितलेलं नाही.

तुझं पाकीट कारखान्याच्या पत्त्यावर मिळालं. घरी नाही पाठवलंस, तेवढी अक्कल शाबूत आहे. आतला टाइप केलेला इंग्रजी कागद वाचला. 'मी, जयराम गायधनी यांची बहीण, खेळातलं वा रसायनांतलं काहीही न कळणारी घरगुती स्त्री, भावाच्या नकळत त्याचा बॉल थिनरने साफ केला.' खाली माझ्या सहीसाठी रेघ. यावर सही केली की समिती तुझी बंदी उठवेल आणि तू मेमध्ये टोकियोला खेळशील. वर चिठ्ठीत लिहितोस, "लंके, तुला तिथे कोण ओळखतं? तुझं काय जाणार आहे?"

सांगते काय जाणार आहे. मी सातपूरला रबराच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. इंजिनातलं तेल अडवणारे रबरी ऑइल सील किती कडक, किती मऊ, हे मोजणं माझं काम. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. पॉलिटेक्निकच्या फॉर्मसाठी माझ्याबरोबर रांगेत तूच उभा होतास. 'पोरीला कशाला मशीनचं शिक्षण' म्हणणाऱ्या काकांशी तूच भांडलास. मग 'काहीही न कळणारी' कोण?

कुवेतच्या त्या बोलिंग क्लबात तू, बॉलने पाडलेल्या लाकडी पिना परत उभ्या करणाऱ्या यंत्रांचा मेकॅनिक म्हणून गेलास. दुरुस्त केलेलं यंत्र नीट चालतंय का बघायला बॉल टाकायचास, आणि टाकता टाकता क्लबच्या मेंबरांना हरवायला लागलास. मग मनिला, हाँगकाँग, पगारी खेळाडू. मी कारखान्यात सगळ्यांना सांगायचे. आता कुणी विचारलं की विषय बदलते.

दसऱ्याला तू आलास तेव्हा बाबांच्या शेडसमोर रंगाचे दहा रिकामे डबे मांडून आम्हाला खेळ दाखवलास. एका फटक्यात दहाही पडले. आई म्हणाली, "पाडायचे न् परत उभे करायचे? मंग पाडता कशाला?" बाबा इतके हसले की खोकल्याने बेजार झाले. दुसऱ्या दिवशी पूजेच्या पाटावर बाबांची स्प्रे-गन, माझा मापाचा व्हर्निअर आणि मधोमध तुझा पांढरा बॉल. आईने तेलात कालवलेलं कुंकू त्याला भरपूर लावलं आणि बोटांच्या तिन्ही भोकांत झेंडूची फुलं खोचली. तू हात जोडलेस.

कुंकवाचे डाग निघेनात आणि तू तर निफाडला मित्राकडे गेलेला. परत आलास तेव्हा बॉल स्वच्छ होता. मला मात्र वास आला. मी तो कारखान्यात नेला, कडकपणा मोजायचं गेज लावून पाहिलं. काटा अडुसष्टवर. तुमच्या नियमात पंचाहत्तरच्या खाली चालत नाही, हे तूच मला सांगितलेलं. स्टेशनवर तुला म्हणाले, "दादा, हा बॉल मऊ झालाय. हा खेळायचा नाही." तू हसून म्हणालास, "हा काय तुझा ऑइल सील आहे का गं?" आणि गाडीत चढलास.

पुढे कुवेतहून लिहिलंस, बॉल आता लाकडी फरशीला धरून वळतो, काय जादू केलीस? मी लगेच उलट कळवलं: जादू नाही, दोष आहे, वापरू नकोस. तू तोच घेऊन सिंगापूरला गेलास, जिंकलास, आणि मग तपासणीत बॉल मऊ निघाला म्हणून कप गेला न् बंदी आली.

'काय जादू केलीस' असं मला विचारलंस. कुणी केली, हे कधीच विचारलं नाहीस. मी पण नाव लिहिलं नाही. आज लिहिते.

आईने केलं ते. पोराची वस्तू आपण डागाळली म्हणून ती घाबरली होती. बाबांचं थिनर फडक्यावर ओतून तिने बॉल त्यात गुंडाळला आणि दोन दिवस झाकणाच्या पिंपात ठेवला. बाबांच्या हाताचा रंग ती त्यानेच काढते. तुझ्या कागदात नाव बदललं तर ते वर्णन बरोबर बसतं. खेळातलं कळत नाही, रसायनांतलं कळत नाही, घरगुती स्त्री. खोटे फक्त दोन शब्द राहतात, 'भावाच्या नकळत'; त्या बॉलने खेळायला उतरलास तेव्हा तुला कळलेलं होतं.

कागद आईपुढे ठेवला असता तर तिने काय लिहिलंय हेही विचारलं नसतं. तुझं नाव दिसलं की ती कुठेही सही करील. म्हणून तो घरी आणला नाही. आपल्या हातून पोराचा कप गेला असं तिला वाटलं, तर ती पुन्हा कशालाही कुंकू लावणार नाही. आणि तो तिच्या हातून गेलेला नाही, दादा. तुला माहीत होतं. दोनदा सांगितलं होतं.

त्या रेघेवर मी सही करणार नाही. टोकियो राहिलं तर राहिलं.

समितीला माझं लेखी हवंच असेल तर हे पत्र दे. तिथे मराठी कुणाला येत नसेल, तर भाषांतर तू कर. आईचं नाव येतं तेही वाच, स्टेशनवरचं माझं वाक्यही वाच, त्यावर तू काय म्हणालास तेही. एकही ओळ गाळायची नाही.

सही हवी होती ना? पूर्ण नावाने करते.

लंका सावळीराम गायधनी
तपासणी विभाग