बत्तीस बिटांच्या शेवटच्या गिऱ्हाइकास

ती. काकांस,

रागावलेल्या पुतणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (खरं तर राग आधी आणि नमस्कार नंतर, पण कागदावर क्रम पाळावा लागतो.) तुमची पाठ, काकूचे गुडघे आणि चष्म्याचं दुकान, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरची तब्येत मी विचारत नाही. तो अजून ठणठणीत आहे, हेच माझं दुखणं आहे.

आमची कंपनी चष्म्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते, हे तुम्ही जाणताच. तुम्हाला वाटतं, एकदा लिहिलं की झालं. कसलं होतंय! कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणाली तीन. प्रत्येकीत यंत्रं दोन जातींची: बत्तीस बिटांचा घास घेणारी जुनी आणि चौसष्टचा घेणारी नवी. तीन दुणे सहा. म्हणजे एकच सॉफ्टवेअर मी सहा वेळा बांधते, सहा वेळा तपासते, आणि प्रत्येक जण वेगळ्याच कारणाने रडतो. बरं, यांचं आपसात तरी पटावं? तोच आकडा एकीकडे मेमरीचे चार खण अडवतो, दुसरीकडे आठ. जाब विचारला तर म्हणे, आमच्याकडे हीच पद्धत आहे.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या कॉम्प्युटरने शिंपीदादांच्या चष्म्याचे नंबर आठ-आठ खणांत लिहून पाठवले. तुमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरने ते चार-चार खणांनी वाचले. उजवा डोळा बरोबर आला, पुढचे चार खण रिकामे होते, म्हणून डावा डोळा शून्य! चूक माझी, मान्य. पण काका, तीस वर्षं चष्मे करणाऱ्या माणसाने मुकाट्याने साधी काच बसवावी? आणि वर कंपनीला लिहावं की, आपल्या सॉफ्टवेअरने शिंप्याचा डावा डोळा बरा केल्याबद्दल अभिनंदन, फक्त तो हल्ली शिवतो त्या विजारींचे पाय एका मापाचे नसतात? साहेबांनी ते पत्र पंधरा जणांसमोर वाचलं. सगळे पोट धरून हसले. मी खालची सही पाहिली, तर ती तुमची!

साडेनऊशे दुकानांत बत्तीस बिटांवर चालणारं एकच दुकान उरलंय. गेली दोन वर्षं त्या अनोळखी महाभागाला मी रोज शिव्या देत होते. (साध्याच, घरी शिकलेल्या.) काखेत कळसा नि गावाला वळसा! "जरा जुना आहे," म्हणाला होतात तुम्ही. जरा!

हात जोडते, तो भंगारात काढा.

तुमची,
चिडलेली पुतणी

ता. क. तुम्ही नवा घेणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे मीच पाठवलाय. बुधवारी येईल. आभार मानू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "तुम्हाला जुन्या यंत्रांसाठीच ठेवलंय; ते शेवटचं जुनं दुकान नव्यावर गेलं की तुमचंही काम संपलं." काका, ही नोकरी मिळायला वर्ष लागलं होतं. म्हणून हे पत्र तुमच्याकडे निघालेल्या भाऊजींच्या हाती तातडीने धाडते आहे. बुधवारी खोका आला तर तो आल्या पावली परत पाठवा. म्हाताऱ्याला धुळीपासून जपा, काकूला ओलं फडकं लावू देऊ नका. आणि दर महिन्याला कंपनीला एक तक्रार पाठवत चला, चांगली खरमरीत. सुचत नसेल तर कळवा, मजकूर मी लिहून देते.