विहीणबाई का रुसल्या?

रवि. ११ जाने. ९८
भाकरी थापत होते तर वकीलबेन दारात. सुरतेत डिंडोलीला आमच्या गल्लीत त्यांची स्कूटर आली की पोरं आधी हॉर्न वाजवून घेतात. २६ ला नवागामला कार्यक्रम ठरला. गाणी, नकला, शेवटी आमचं नकली लगीन. तिकिटाचे पैसे केसला. केस म्हणजे माझा दीर भिका आणि त्याच्यासोबतचे दोघं. पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये जादा पाळीची मजुरी मागितली, तर पोलिसांनी चौकीत नेऊन दोन दिवस बदडलं. वकीलबेन भिकाला म्हणाल्या, "तमे बोलशो, तो ज केस ऊभो रहेशे." म्हणजे हा बोलला तरच केस उभी राहणार.
भिका भिंतीकडे बघत बसला. दिवाळीपासून असाच. चौकीचा विषय निघाला की दातखीळ.

बुध. १४
उतराण, म्हणजे आपली संक्रांत. सगळी सुरत गच्चीवर. ह्यांनी सगळे पतंग कापून घेतले, वर मांजालाच नावं ठेवली.
भिकाला विचारलं, यंदा विहीण कोण करणार? नकली लग्नातली रुसलेली विहीण दर गणपतीत तोच करतो. लुगडं नेसून तोंड फिरवून बसला की बायका हसून लोळतात. म्हणाला, "वहिनी, मी येवाव नही."
बरं बाबा. तिळगूळ तेवढा खाल्ला.

मंगळ. २०
तालीम. विहीण केली लूमवरच्या धनाजीने. बीडचा गडी, झुपकेदार मिशा, काढायला तयार नाही. लुगड्यात चालतो तो पाठीवर पोतं असल्यासारखा. भिका दारातून बघत होता. शेवटी राहवलं नाही त्याला. "अरे, पदर आहे का गमछा? विहीण असा पदर घेते?"
म्हटलं, लागला गळाला! धनाजी शहाणा. तिथल्या तिथं लुगडं सोडून त्याच्या अंगावर टाकलं.
भिकाची अट: पाठ करून बसेन, तोंड उघडणार नाही. चालेल की. विहीण रुसलेलीच असते.

मंगळ. २७
काल झालं.
मैदान भरलेलं. मागे कापडावर मोठ्या अक्षरांत 'माणसाचे हक्क'. आम्ही बायका विहिणीची समजूत काढायला निघालो. शालू आखूड पडला का, विहीणबाई? वरणात मीठ कमी का, विहीणबाई? लोक हसतायत, भिकाची पाठ काही वळेना. ओळी संपल्या. माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही. निघून गेलं तोंडातून, चौकीत कुणी हात लावला का, विहीणबाई?
ढोलकी थांबली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हे तर डोळे वटारून बघायला लागले.
भिका वळला. पदर डोक्यावर घेतला, नाक मुरडलं, आणि विहिणीच्या त्या चिरक्या आवाजात, "लावला ना बाई! दोन दिवस लावला! आणि वर कपभर चहा नाही. पाहुणीला असं वागवतात होय?"
अगं बाई, काय हसले लोक! मग तो थांबेचना. तळपायावर काठी कशी मारली, पाणी मागितलं तर काय म्हणाले, कोऱ्या कागदावर सही कशी घेतली... सगळं विहिणीच्या तोऱ्यात. हसता हसता पुढच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही रडले, खोटं कशाला लिहू? बदडलं एवढंच घरात ठाऊक, यातलं बाकी अक्षर आम्हाला कळलेलं नव्हतं.
आज भिकाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मिरचीचा ठेचा मागून घेतला.

शनि. ७ फेब्रु.
वकीलबेन खूश. पण कोर्टात लुगडं कसं चालणार? रोज सराव घेतात. साध्या आवाजात भिका "साहेब..." म्हणतो आणि तिथंच अडकतो. डोक्यावर गमछा टाकला की धडाधड बोलतो. हे म्हणाले, "जजसाहेबाले काय सांगू, पाहुणी उनी?" पाहुणी आली म्हणून! सगळ्यात आधी भिकाच हसला. घरात हसू परत आलंय. मला तेवढं पुष्कळ आहे.

मंगळ. १७ मार्च
कोर्टाच्या बाकावर लिहितेय. भिका इस्त्रीच्या शर्टात. गमछा घरीच ठेवून आलाय, स्वतःहून. धनाजी खाडा करून आला, आणि मिशा सफाचट! म्हणे, आता विहिणीला जोडीदारीण लागेल.
मघाशी भिका म्हणाला, "वहिनी, मी आत गेलो की तू इथून विचारशील?" म्हटलं, इथं गायले तर मलाच आत टाकतील.
"मग मनात म्हण."
आत्ता नाव पुकारलं. भिका उठला, खांद्यावर नसलेला पदर सारखा केला आणि आत गेला. दार लोटलंय. काही ऐकू येत नाही.
म्हणतेय मी. शालू आखूड पडला का, विहीणबाई? वरणात मीठ