कव्हर न घातलेल्या कादंबऱ्या

ता. ९, रविवार

ताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? मी बरी आहे. लायब्ररीत वाळवी लागली होती, आठवडाभर कपाटं उपसत होते. म्हणून उत्तराला उशीर झाला.

खोटं कशाला बोलू? वाळवीचं निमित्त. तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं होतं.

तुझ्या पोरीने तुला सांगितलं, की तिचं एका मुलीवर प्रेम आहे. आणि तू मला लिहितेस, "तू एवढी पुस्तकांत असतेस, तर तसली माणसं असलेल्या दोन-चार चांगल्या कादंबऱ्या सुचव. शेवट गोड असावा. ब्राउन पेपरचं कव्हर घालून पाठव, घरात येणारे-जाणारे असतात." वा गं वा! तसली सख्खी बहीण असताना कादंबऱ्या कशाला हव्यात तुला?

असो. तीन पाठवते आहे. निळी आहे तिच्यात दोन बायका औषधांचं दुकान चालवतात आणि रोज रात्री शटर कोणी ओढायचं यावरून भांडतात. माझी सगळ्यात लाडकी. जाडी आहे ती एका शिंप्याची. ज्याच्यावर त्याचा जीव, त्याच्याच लग्नाचा कोट त्याला शिवावा लागतो. रडशील. खुशाल रड. तिसरीतले आजोबा सत्तरीत घरच्यांना खरं सांगतात आणि मुलगा बोलणं टाकतो. ती भावजींना दे.

गोड शेवटांची मात्र मारामार. आमच्या लोकांना शेवटच्या प्रकरणात मारायचंच, अशी लेखकांची जुनी खोड. आमची बाइंडर फाटकी पुस्तकं शिवता शिवता विचारायची, "ह्यात कोण गचकतंय गं?" आणि खो-खो हसायची. कोणी असल्या पुस्तकाला कव्हर मागितलं की मात्र भडकायची. "कव्हर पुस्तक जपायला असतं, तोंड लपवायला नाही!"

बाइंडर म्हणजे कोण, कळलं ना? तू जिला माझी घरमालकीण म्हणायचीस, ती. अर्धं आयुष्य मी तिच्या घरात काढलं. तिच्या आजारपणात तिला न्हाऊ-माखू घातलं. आणि तू शेजारणींना सांगायचीस, "धाकटी तिथे भाड्याने राहते." ती गेली तेव्हा तुझा फोन आला, "घरमालकीण वारली म्हणे. आता खोली सोडावी लागेल का?" मी तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होते, ताई. "बघू," म्हणून फोन ठेवला. तो राग अजून गेलेला नाही. जाईलसं वाटतही नाही.

कव्हर एकालाही घातलेलं नाही. हॉलमधल्या टेबलावर ठेव. आणि पोरीला वाचायला देण्याच्या भानगडीत पडू नकोस, तिने तिन्ही माझ्याकडूनच नेऊन केव्हाच वाचल्यात. ह्या तुझ्यासाठी आहेत.

पुढच्या महिन्यात ती त्या मुलीला घेऊन येणार आहे ना? शेजारीण विचारेल, "ही कोण?" काय सांगायचं ते आजच ठरव. 'रूममेट' म्हणालीस, तर दोघी आल्या पावली माझ्याकडे येतील आणि पुन्हा तुझ्या दारात यायच्या नाहीत. पोरीने मला तसं बजावून ठेवलंय.

माझ्याकडे खोली रिकामी आहे. भाडं पडणार नाही.

बाइंडरच्या घरची,
तुझी धाकटी