कुटुंबप्रमुखाने दिलेली माहिती

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. आरोग्य पाहणीचं काम अखेर माझ्याच गळ्यात पडलं. बायका आणि पुरुष, तरुण आणि म्हातारे, कोणाची तब्येत किती बरी-वाईट हे घरोघरी विचारून मोजायचं. आकडेवारीच्या ऑफिसात तीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर निकाल मला आधीच ठाऊक आहे. पन्नाशीपुढचा पुरुष हाच खरा उपेक्षित. बायका आमच्यापेक्षा चार-पाच वर्षं जास्त जगतात, कुणी दाद घेतं का? आता मी घेणार.
संकल्प: रोज सकाळी चालणे.

३ जानेवारी
चाललो नाही. चपला सापडेनात. हिच्या पायात होत्या. म्हणे स्वतःच्या घट्ट होतात हल्ली. पन्नाशीत पाय वाढतात हे प्रथमच ऐकतोय.

९ जानेवारी
फॉर्म दोन पानी होत होता. मी एका पानात बसवला. ‘माहिती कोणी दिली’ हा रकाना सरळ उडवला. माहिती कुटुंबप्रमुखच देणार, त्यात विचारायचं काय? नव्या मॅडम, वयाने आमच्या लेकीएवढ्या, रजेवर होत्या. त्या यायच्या आत छपाईला पाठवूनही दिला. कामं अशी मार्गी लावायची असतात.

१५ जानेवारी
फॉर्मची चाचणी घरीच केली. कुटुंबप्रमुख मी. माझे आजार: सर्दी, गुडघा, पित्त, उजव्या खांद्यात कळ, झोप कमी. जागा पुरेना, मागच्या बाजूला लिहिलं. हिचे आजार: निरंक. तब्येत: उत्तम. ही स्वयंपाकघरात होती, तरी ओझरतं विचारलं. म्हणाली, मला काय धाड भरलीय. म्हणजे मी लिहिलं तेच बरोबर.

२७ जानेवारी
मान धरली आहे. ही दोन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपते. त्यातली एक माझी. परत मागितली तर म्हणाली, आडवं झालं की गुदमरतं. नवीन उशी आणणे. नोंद केली.

६ फेब्रुवारी
आज वीस घरं. दारात पुरुष उभा, मी लिहितोय, दहा मिनिटांत घर खलास. एक गृहस्थ बायकोचं वय विचारायला आत हाक मारणार होते. मीच थांबवलं. म्हटलं, अंदाजे चालेल, कशाला त्रास देता त्यांना.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
हिच्याबरोबर बाजारातून आलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हिला प्रत्येक मजल्यावर शेजारणींशी गप्पा मारायला थांबायचं असतं. दुसऱ्या मजल्यावर तर दार बंद होतं, तरी थांबली. मी वर येऊन चहाची वाट बघत बसलो. बायकांकडे वेळ किती असतो.

४ मार्च
निकाल हाती. पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायका सगळ्यात ठणठणीत. त्याच वयाचे पुरुष पार खंगलेले. आलेख काढला. पुरुषांची रेघ बघून मलाच भरून आलं.

६ मार्च
मॅडमनी अहवाल वाचला. विचारलं, बायकांची माहिती कोणी दिली? म्हटलं, कुटुंबप्रमुखांनी. म्हणजे कोणी? म्हटलं, नवऱ्यांनी. त्यांनी कोरा फॉर्म काढून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, म्हणजे आपण बायकांची तब्येत मोजलीच नाही, नवऱ्यांची समजूत मोजली. पन्नास घरं पुन्हा करायची, बाईला स्वतः विचारायचं, नवरा समोर नको. अनुभव कमी असला की माणसं शंका फार काढतात.

१३ मार्च
पन्नास घरं झाली. जीव मेटाकुटीला आला. पहिल्या फॉर्मवर निरंक असलेल्या एका बाईंनी चार आजार सांगितले. पाचवा सांगत होत्या, तेवढ्यात नवरा आला, तर म्हणाल्या, झालं माझं. पन्नासांत एक निरंक नाही. रेघा उलट्या झाल्या. मॅडमनी दोन्ही आलेख शेजारीशेजारी माझ्या टेबलावर ठेवले. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं होतं.
संकल्प: हिला समोर बसवून, फॉर्म घेऊन, शिस्तीत विचारायचं. उद्याच.

१४ मार्च
गुडघा. उद्या.

१७ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, आई बोलताना धापा टाकते, डॉक्टरकडे नेलं का? म्हटलं, हाच विषय मी हाती घेतलाय. म्हणाली, बाबा, विषय राहू दे, गाडी करा आणि घेऊन जा. रविवार ठरवला. मग आठवलं, रविवारी दवाखाना बंद असतो. म्हणून सोमवार.

२२ मार्च, सोमवार
सकाळी निघालो. मी पुढे. मागे बघतो तर ही जिन्यात बसलेली, उठेना, ओठ निळसर. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणली. थेट हॉस्पिटलमध्ये दाखल. हृदयाची ताकद कमी झालीय, अंगात पाणी साठलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधांनी निभेल, पण फार उशिरा आणलंत. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला भीती वाटली. अजून वाटतेय.

२३ मार्च
डॉक्टरबाईंनी विचारलं, हा त्रास कधीपासून? मी सांगायला लागलो, साधारण आठवडाभर. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही, त्यांना सांगू द्या. हिने आधी माझ्याकडे बघितलं. ते बघून डॉक्टरबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.
दाराच्या काचेतून दिसत होतं. ही बोलत होती. बोटांवर महिने मोजत होती. एका हाताची बोटं संपली, मग दुसरा हात घेतला. वीस मिनिटं तरी बोलली असेल. मध्ये एकदा डोळे पुसले. डॉक्टरबाई नुसत्या लिहीत होत्या.
आत गेल्यावर विचारलं, काय काय सांगितलंस? म्हणाली, आता परत नको, बोलूनच दम लागलाय.
बरं म्हटलं आणि स्टुलावर बसलो.